पोळ्याच्या दिवशी घोड्यावर बसत नाहीत

२० जुलै, रविवार

राखेचा राजा आज रात्री राजधानी जाळणार आहे — आणि ही ‘आजची रात्र’ गेली दोन वर्षं पडलेलीच नाही!

या काळात मी मासे धरले, औषधी मुळ्या खणल्या, एका धनगराची चुकलेली मेंढी शोधून दिली, टेकडीवर बसून कितीतरी सूर्यास्त पाहिले. राजा वेशीपाशी उभा आहे. हातात पेटता पलिता. थांबला आहे. ‘धुक्याचं राज्य’ हा गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला ही विसंगती कधी ना कधी जाणवते, आणि प्रत्येक जण ती सोडून देतो. आज प्रथमच कोणीतरी मला तिच्याबद्दल विचारलं.

“राजा काहून थांबून राहिला?”

विचारणारे दुर्गेश. भिवापूरचे. मिरची पिकवतात. मावशीने आणलेलं स्थळ. आजची भेट दुसरी. टीव्हीखालचा कन्सोल दिसला म्हणून त्यांनी सहज ‘हे काय?’ म्हटलं, आणि मी सुरू केलं ते — दाखवलं, खेळून दाखवलं, वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढली! या खेळात काळ वाहत नाही, फक्त घटना घडतात. घड्याळ नदीवरच्या पुलाला बांधलेलं आहे. पूल ओलांडला की रात्र पडते. ओलांडलाच नाही, तर राजाही थांबतो, नगरही थांबतं, दाणे टिपणाऱ्या कोंबड्यासुद्धा तेच दाणे टिपत राहतात. तर्री-पोहे गार झाले. आई स्वयंपाकघराच्या दारातून डोळे मोठे करत होती. मला थांबवेना.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसले. “म्हणजे आपण जाईपर्यंत वावर पेरणीले थांबते! लय भारी. आमच्याकडे तं कोणीच थांबत नाही.”

निघताना चप्पल घालता घालता म्हणाले, “मले शिकवाल का हे?”

ते गेल्यावर आई पलंगावर बसली. “पोरीनं गेम दाखवला म्हणून हेही स्थळ पळते, असं वाटलं होतं मले. हा तं शिकाले येतो म्हणते वं!” मग जरा गंभीर होऊन — “रुखमाबाईनं सांगून ठेवलं आहे. गणपती बसतीन त्या दिवशी हो का नाही, ते पाहिजे.” रुखमाबाई म्हणजे दुर्गेशांच्या आई.

प्रश्न एकच आहे, आणि तो दोघांनीही पहिल्याच भेटीत स्वच्छ मांडला होता. ते जमीन सोडून नागपूरला येणार नाहीत. मी माझं कॉलेज, माझी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सोडून भिवापूरला जाणार नाही. इतक्या स्वच्छपणे मांडला, म्हणूनच बहुधा दुसरी भेट झाली.


२१ जुलै, सोमवार

अभ्यासक्रम आखला. पहिला पाठ — पाहणं. तलवार नंतर!


२७ जुलै, रविवार

पहिला पाठ झाला. आई पलंगावर मेथी निवडत होती. माझा धाकटा भाऊ गोलू — नुकताच इंजिनिअर झाला आहे आणि सध्या सोफ्याच्या हातावर बसणं एवढंच काम करतो — प्रेक्षक.

नवशिक्याला सर्वांत अवघड काय जातं? तलवार नव्हे. चालणं आणि पाहणं! डाव्या अंगठ्याने पाय चालवायचे, उजव्याने नजर वळवायची. एरवी आपण या दोन्ही गोष्टी एकत्र आणि नकळत करतो. इथे त्या सुट्या करून पुन्हा जोडाव्या लागतात. जणू रांगण्यापासून सुरुवात. दुर्गेशांचा वीर बराच वेळ भिंतीला डोकं लावून चालत होता. मग आभाळाकडे पाहत मागे मागे गेला. विहिरीत पडला.

“मेला का हा?”

“मेला.”

“मंग?”

“मग देवळीपाशी उठेल.”

ही दुसरी सूचना. वाटेत दगडी देवळी दिसली की थांबावं, दिवा लावावा. तिथवरचा सगळा प्रवास जपला जातो. पुढे काहीही झालं तरी त्या दिव्यापाशी डोळे उघडतात. मी त्यांना सांगितलं — या खेळातला हा सर्वांत दयाळू नियम आहे. ते म्हणाले, “असा नियम तुम्ही सांगून राहिल्या तं मी दर चार पावलावर दिवा लावीन.” लावलेही! गावाबाहेर पडायला तास गेला. पण नवशिक्याने हेच करावं. धीट माणसं दिवे टाळतात आणि अर्धा डोंगर पुन्हा चढतात.

तिसऱ्या सूचनेशी गाडी अडली. गावातल्या कोणत्याही घरात शिरता येतं, मडकी फोडता येतात, मडक्यांत नाणी असतात. पहिली बरी तलवार त्याच नाण्यांतून येते. दुर्गेश दाराशी उभे.

“जा आत,” मी.

“घरात कोणी दिसून नाही राहिलं.”

“म्हणूनच जा. ती कोपऱ्यातली मडकी फोडा.”

त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. “कोणाच्या घरचं मडकं मी काहून फोडू?”

गोलू घसरून सोफ्याच्या आत पडला. “भाऊजी! राजाले काय लाकडाच्या दांड्यानं माराल का?”

“भाऊजी नको म्हणू गा अजून. परीक्षा चालू आहे माझी.”

आईने मेथीच्या जुडीत तोंड लपवलं.

मी समजावून सांगितलं: ही घरं खरी नाहीत, मडकी आपणहून पुन्हा भरतात, इथे मालकीची कल्पनाच नाही. त्यांनी मान डोलावली. पटलं म्हणाले. आणि लाकडी दांडा घेऊन पुढच्या गावाला निघाले.


३ ऑगस्ट, रविवार

आजचा विषय — औषध राखून ठेवू नये.

प्रत्येक नवशिक्या ही चूक करतो. जखम भरणारं लाल औषध मिळालं की तो ते शेवटच्या लढाईसाठी ठेवतो. शेवटची लढाई संपते, गावोगावी ढोल वाजतात, आणि झोळी लाल बाटल्यांनी गच्च भरलेली! मी हे उदाहरणांसह सांगत होते, तर दुर्गेश म्हणाले, “हे समजलं मले. आमची माय नव्या चादरी पाहुण्यांसाठी पेटीत ठेवते. पाहुणे आले का जुन्याच निघतात — नव्या खराब होतीन म्हणून.”

इतकं चपखल उदाहरण मला सुचलं नसतं. वर्गात वापरायला हवं.

मग रान लागलं. पानांतून खाली झिरपणारा हिरवा उजेड, कुठेतरी पाणी, पायाखाली शेवाळ. मला हे रान नेहमी झोपेतल्यासारखं वाटतं. आपण चालतो आहोत की रान आपल्या भोवती सरकतं आहे, हे कळत नाही. मी सांगत होते की या टप्प्याला लढू नये. पळणं हेही तंत्र आहे, त्यात कमीपणा नाही — एवढ्यात झुडपातून रानडुक्कर आलं.

“हा तं आपला ओळखीचा!” दुर्गेश उठून उभेच राहिले.

कोणाचं मडकं न फोडणारा हा माणूस! लाकडी दांडा घेऊन डुकरामागे जो धावला तो थेट टेकडीपलीकडे. पहिलं मेलं, दुसरं मेलं. तिसऱ्याला ओढ्यात गाठलं. “हे गेल्या साली नर्सरीत घुसलं होतं! अन् हा त्याचा भाऊ!” गोलू सोफ्यावर उभा राहून ओरडत होता, आई स्वतः ‘तिकडे पाय, तिकडे, झाडामागं!’ म्हणत होती. देवळीपर्यंत पोहोचलो तेव्हा आख्खं रान रिकामं झालं होतं. या रानात मी दोन वर्षं चोरपावलांनी फिरले आहे. इतकं मोकळं ते कधी वाटलं नव्हतं.

डुकरांमुळे अनुभवाचे गुण भरपूर जमले. ते कुठे घालायचे — बळ, नेम, जादू, दम? मी चारही गुणांचे फायदे-तोटे सांगितले. एकाच गुणावर भर द्यावा. सगळीकडे चिमूट चिमूट टाकली तर काही साधत नाही. त्यांनी सगळे ‘दम’मध्ये घातले. कोणीच घालत नाही! “लांब चालता येईन ना त्यानं?” येईल, म्हटलं.

पुढचे काही रविवार त्यांना जमणार नाही. मिरचीची लावण सुरू होते आहे, रोपं तयार झाली आहेत. म्हणून माझा हातातला छोटा कन्सोल दिला. दोघांचं राज्य एकच राहील. ते तिथून, मी इथून. “नेट गच्चीवरच येते,” म्हणाले. “गच्चीवर बसीन मंग.”


७ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी धुक्याच्या दलदलीत भेटलो. मी हॉलमध्ये, ते गच्चीवर, फोन स्पीकरवर.

दलदल विलक्षण सुंदर आहे. पाणी की आरसा, सांगता येत नाही. लव्हाळ्यांच्या शेंड्यांवर काजवे. दोन लहान माणसं त्यातून चालली आहेत, आणि त्यांतली एक मी आहे! मी त्यांना कुठे पाय ठेवावा ते सांगत होते. कोणता दगड बुडतो, कोणता तरंगतो, तरंगणारे दगड कसे ओळखावेत, मुळात रचनाकाराने ते तसे का ठेवले असावेत. ते मधून मधून ‘हूं’ म्हणत होते.

एकदा ‘हूं’ आलं नाही. मी घाईने आणखी एक उदाहरण दिलं.

नंतर लक्षात आलं. वर्गातही मी हेच करते. मुलं शांत झाली की मला वाटतं समजलं नाही, आणि मी आणखी एक उदाहरण देते. शांततेचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे माझ्या अभ्यासक्रमात नाही.


१० ऑगस्ट, रविवार

मोठ्यांनी प्रश्न सोडवला!

मावशी, आई आणि रुखमाबाई यांचं फोनवर ठरलं. लग्न झालं तर खोली उमरेडला घ्यायची. नागपूर आणि भिवापूरच्या मध्यावर. मी तिथून बसने कॉलेजला यावं, दुर्गेशांनी मोटरसायकलने शेतावर जावं. रुखमाबाई फोनवर म्हणाल्या, “मधात आहे बाई, दोघांले बराबर. कोणी कोणावर चढलं नाही, कोणी उतरलं नाही.”

आई इतकी आनंदली आहे की तिने न मागता गोलूला मोटरसायकलच्या पेट्रोलचे पैसे दिले.

मी आकृती काढली. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये उमरेड. निर्दोष आहे.


१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन आटोपून थेट उमरेडला. आई, मी, गोलू. खोली एका स्टेशनरीच्या दुकानावर आहे. मालकीणबाई, प्रयागबाई, फार भल्या. पाणी चोवीस तास. खिडकी पूर्वेला, खिडकीत कडुलिंब. आईने लगेच ठरवलं की शेगडी कुठे आणि देव कुठे.

मी खिडकीपाशी उभी राहिले. सकाळ इथे कशी असेल, ते मनात रचून पाहिलं. अंधारात दुर्गेश शेताकडे निघाले आहेत — पाणी पाळीने सोडावं लागतं, ते सूर्य उगवायची वाट पाहत नाही. थोड्या वेळाने मी बसस्टँडकडे. संध्याकाळी प्रात्यक्षिकं संपवून, शेवटच्या मुलाला लंबकाचा आवर्तकाल पुन्हा समजावून, मी परत. तेही परत. दोघांच्या अंगावर रस्त्याची धूळ. दोघांनाही आपापल्या ठिकाणी अर्धं काम टाकून यावं लागलेलं.

“कसं वाटलं वं?” आईने विचारलं.

“छान आहे,” मी म्हणाले. खोटं नव्हतं. खोलीत एकही दोष नाही.

परतीच्या वाटेवर आई झोपली. खिडकीबाहेर हिरवं सपाट रान सरकत होतं. मला सारखं वाटत राहिलं की मी कुठेतरी पाय ठेवते आहे आणि खाली दगड नाही.


१८ ऑगस्ट, सोमवार

नाही म्हणणार.

कारण मांडायला बसले होते. मांडता आलं नाही. वजाबाकी करून पाहिली. माणूस? उत्तम. घर? भलं. तोडगा? न्याय्य. प्रत्येक पद बरोबर आहे, आणि बेरीज करू जावी तर मन बाजूला होतं. हे कोणाला सांगणार? आईला काय सांगू — खिडकी पूर्वेला आहे म्हणून नाही?

पोळा होऊ दे. त्यांच्या घरी तो दिवाळीहून मोठा सण. सणाच्या तोंडावर असा फोन जायला नको. नंतर सांगेन.


२१ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी थोडाच वेळ. ते घाईत होते. बैलांची खांदमळणी झाली होती. हाताला हळद-लोण्याचा वास आहे, म्हणाले, कन्सोलला लागला तर रागवू नका. बैलाचे खांदे चोळून त्याला रीतीने निमंत्रण देतात — “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मला ठाऊक होतं. पण कोणाच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी खेळातल्या आपल्या घोड्याजवळ जाऊन एक बटण दाबलं — दलदल ओलांडली की प्रत्येकाला एक घोडा मिळतो. घोड्याला थोपटायचं बटण. मी ते नवशिक्यांना शिकवत नाही. त्याचा उपयोग काहीच नाही. वीराने हात उचलला, घोड्याच्या खांद्यावर ठेवला.

फोनमधून अगदी हळू — “आज आवतन घ्या गा, उद्या जेवाले या.”

सांगायचं राहिलंच की घोडा जेवत नाही.


२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

दुपारभर गल्लीत मुलं लाकडी बैल रंगवत बसली होती. उद्या त्यांचा तान्हा पोळा. दिवेलागणीला फोन आला. “पोळा फुटला. बैल ओवाळले, जेवले. आता मी मोकळा आहे.”

आज घंटेच्या मनोऱ्यापर्यंत जायचं ठरलं होतं. दलदलीपासून उत्तरेच्या कड्यापर्यंत — या राज्यातला सर्वांत लांबचा रस्ता. घोड्यावरून सहज होतो. मी माझ्या घोड्यावर बसले. त्यांचा वीर शेजारी उभा.

“बसा.”

“आज नाही.”

“का?”

“पोळा आहे ना. आज जनावरावर बसत नाहीत. जू नाही, ओझं नाही.”

“हा घोडा आहे.”

“घोडा काय, बैल काय.”

“आणि खरा नाही.”

“नसन खरा. पण काल आवतन देलं त्याले.”

माझ्यापाशी उत्तर तयार होतं. या घोड्याला थकवा नाही, भूक नाही; तो चार-सहा आकड्यांचा पुंजका आहे, आणि त्याला विश्रांती देणं म्हणजे थर्मामीटरला पांघरूण घालणं! वाक्य पूर्ण होतं. तोंडही उघडलं होतं.

मी घोड्यावरून उतरले.

चालू लागलो. मी तलवार म्यानात घातली, त्यांनी दांडा पाठीला लावला — आणि घोडे आमच्या मागून यायला लागले! आपणहून. मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी उतरले की हातात काही ना काही उपसलेलं असे, म्हणून घोडा जागीच थांबे. शस्त्र ठेवून हळू चाललं तर तो मागे येतो.

घोड्यावरून जाताना कानांत फक्त टापा आणि वारा असतो. पायी चालताना राज्य ऐकू येतं. दगडाखालून जाणारं पाणी. गवताच्या दोन जाती, दोन वेगळे आवाज. कुठेतरी कोणीतरी शब्दांवाचून गुणगुणत होतं. आम्ही थांबलो की तेही थांबे. दलदलीवरचं धुकं वरून पाहिलं तर तापल्या दुधासारखं कडेने हलकेच वर चढत होतं. चढणीवर मैलाचे दगड आहेत, आणि त्यांच्या मागच्या बाजूला कोणीतरी बोटाएवढी चित्रं कोरली आहेत — एक मासा, एक पाळणा, केस विंचरणारी बाई. रस्त्यावरून धावत गेलेल्या माणसाला ती कधीच दिसणार नाहीत. मला दिसली नव्हती. ज्याने ती कोरली, त्याने कोणासाठी कोरली असतील?

फोनमधून घुंगुरमाळा वाजत होत्या. त्यांच्या गच्चीखाली, गोठ्यात. आधी मला ते कळलं नाही. वाटलं आमच्या मागच्या घोड्यांच्याच गळ्यात आहेत. मग कळलं, तरी तसंच वाटू दिलं.

मी काही समजावत नव्हते. तेही बोलत नव्हते. ही शांतता खूप वेळ टिकली आणि तिला काही झालं नाही.

अर्ध्या चढावर ते म्हणाले, “खोली पाहून आल्या म्हणे तुम्ही. कशी आहे?”

“चांगली आहे.”

“पाणी?”

“आहे. खिडकी पूर्वेला आहे.”

मैलाचा एक दगड मागे पडला.

“मले नाही राहाचं तिथं,” दुर्गेश म्हणाले. “राग नका मानू. आठ दिवस झाले, लावण करता करता हेच डोक्यात आहे. रोप वाफ्यात जगते. वावरात जगते. मधात बांधावर ठेवलं तं सुकते. उमरेड बांध आहे. ना माझं वावर होईन तिथून, ना तुमचं कॉलेज.”

माझा अंगठा थांबला होता. खेळातली माझी बाई कड्याच्या वाटेवर उभी राहिली. दोन्ही घोडेही उभे राहिले.

“म्हणजे लग्न नको, असं म्हणताय?”

“मी लग्न खोलीसंग थोडीच करून राहिलो!” हसले. मग हसू आवरून सावकाश म्हणाले. “तुम्ही नागपुरात राहा. मी इथं राहातो. शनिवारी मी येईन, नाही तं तुम्ही या. लावणीच्या वेळेले मले जमणार नाही, तुमच्या परीक्षेत तुम्हाले जमणार नाही. लोकं हसतीन. मायले दुपारी सांगितलं, तं ती रुसून बसली आहे — नवराबायको दोन गावाले, हे कोणतं लगन म्हणते. तिचं चुकत नाही. पण अर्धी बाई घरात आणून मी काय करू? मले ते राजा काहून थांबला, हे कागदावर काढून सांगणारी पूर्ण बाई पाहिजे. मंग ती शनिवारीच भेटली तरी चालते.”

घुंगुरमाळा वाजल्या. खाली कोणीतरी बैलाला हाक मारली.

“पटलं तं सांगा. नाही पटलं तरी सांगा. आज नका सांगू.”

मनोऱ्यापाशी पोहोचलो. देवळी होती. त्यांनी दिवा लावला. मी नुसती दिव्याजवळ बसून राहिले — त्यासाठीही एक बटण आहे.


२३ ऑगस्ट, शनिवार

मारबत — गावाची इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. गोलू इतवारीतून घसा बसवून आला.

सकाळी त्याला एवढंच सांगितलं होतं: उमरेडची खोली नको. त्याने त्याचा अर्थ आपल्या मनाने लावला. जेवताना ताटाकडे पाहत म्हणाला, “मी मिरवणुकीत ओरडलो वं ताई. रोगराई, खोकला, उमरेडची खोली — घेऊन जाय गे मारबत! लोकं पाहत होते माझ्याकडे.” मग भात कालवत, “पण दुर्गेशभाऊ चांगला होता. एवढे डुकरं कोणीच नाही मारत.”

मी त्याला दुरुस्त केलं नाही. आधी मलाच पाहायचं आहे.


२५ ऑगस्ट, सोमवार

बाजू मांडायला बसले. एकीकडे हो, दुसरीकडे नाही. ‘नाही’ची बाजू भरत गेली: मावशी, शेजार, कॉलेजातल्या बायका, आजारपण आलं तर, मूल झालं तर, बस चुकली तर. सगळे मुद्दे खरे. ‘हो’च्या बाजूला काही सुचेना.

आणि तरी त्या रिकाम्या बाजूकडेच पाहत राहिले. बराच वेळ. प्रयोगशाळा बंद करायला शिपाई आला, तेव्हा उठले.


२७ ऑगस्ट, बुधवार. गणपती बसले

आरती झाल्यावर आईने फोन हातात घेतला. “काय सांगू रुखमाबाईले?”

“हो.”

“अन् राहाचं कुठं?”

“ते तिथे. मी इथे.”

आई खाली बसली. “काहून, वैभवी? लोकं विचारतीन. मी काय सांगू?” गोलूही पाहत होता, हातातला मोदक तसाच. दोघं वाट पाहत होते. या घरात मी कधीही विनाकारण काही केलेलं नाही.

कोणालाही घरच्या घरी करून पाहता येईल, असा हा प्रयोग आहे. उत्तर एका शब्दात मोठ्याने म्हणावं आणि ओठ मिटावेत. समोरचा वाट पाहील, पाहू द्यावी. ‘कारण’ हा शब्द जिभेवर आला, तर अजून ठरलेलं नाही. आलाच नाही, तर ठरलं.

माझ्या जिभेवर प्रसादाच्या साखरेची चव होती. आणखी काही नव्हतं.